कॉलेज सोडून कुठेही

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा हा प्राणी पुण्यात कुठेही सापडतो, कॉलेज सोडून. जुलै ते सप्टेंबर हा त्याचा खरा हंगाम. दुपारी पहिल्या वर्षाच्या पोरांना सी प्लस प्लस शिकवायचं, संध्याकाळी नदीपात्रात ढोलाचा सराव, रात्री ‘पुरुषोत्तम’ एकांकिका स्पर्धेची तालीम. उरलेल्या वेळात इंजिनीअरिंग. वेळ उरत नाही.

शिकवतो मात्र झकास. बायनरी सर्च समजावायला त्याने मंडळाची वर्गणीची पावतीपुस्तकंच आणली. “1000 पावत्या, नंबराने लावलेल्या. बरोबर मधली उघडा. आपला नंबर पुढचा असेल तर आधीच्या सगळ्या विसरा. उरलेल्यांतली परत मधली उघडा.” फार तर 10 वेळा उघडून हवी ती पावती हातात. पोरं बेहद्द खूश. एक पावती मात्र काही केल्या सापडेना. ती पुस्तकातच नव्हती. खजिनदारकाकांनी तेव्हापासून पावतीपुस्तकं कपाटात ठेवली आहेत, आणि किल्ली जानव्याला.

पथकाच्या हजेरीसाठी त्याने ॲप केलंय. ते उत्तम चालतं. हजेरी वहीत लागते.

नाटकातही त्याने संगणक घुसवलाच. एकांकिकेची संहिता तो गिटवर ठेवतो. गिट म्हणजे लिनस टॉरव्हाल्ड्सने 2005 साली प्रोग्रॅमरांसाठी केलेली सोय: कुणी, कधी, काय बदललं याची चोख नोंद. प्रोग्रॅमरांना ती मानवली. नायिकेचं स्वगत कुणी, रात्री किती वाजता कापलं हे नायिकेला पुराव्यानिशी कळल्यावर दिग्दर्शक दोन दिवस तालमीला फिरकला नाही. 1963 पासून चालत आलेल्या या स्पर्धेत भांडणं पूर्वीही होत असणार. पण तेव्हा निदान नाकबूल करता यायचं.

घरी विचारणा झाली की तो डोनाल्ड क्नूथना पुढे करतो. “बाबा, संगणकशास्त्रातला एवढा मोठा माणूस! घरात पाइप ऑर्गन आहे त्यांच्या. स्वतः वाजवतात, संगीत रचतात.”

“पण त्यांनी ते जाडजूड ग्रंथ लिहिले ना?”

“पहिला खंड 1968 साली आला. काम अजून चालूच आहे. आणि तुम्ही माझ्या जर्नलला दोन आठवडे झाले म्हणून बोलताय!”

जर्नलही होतं पूर्ण. सबमिशनच्या आदल्या रात्री निम्मं पथक त्याच्या खोलीत पेनं घेऊन बसतं. सात अक्षरांतलं ते जर्नल सर उघडतात, त्याच्याकडे बघतात आणि सही ठोकतात. सरांची मुलगी त्याच्याच पथकात ताशा वाजवते.

शेजारच्या काकूंनी “बाळा, जरा प्रिंटर बघतोस का?” म्हटलं, तर तो नाही म्हणत नाही. कुणालाच म्हणत नाही. नागपंचमीला उघडलेला तो प्रिंटर अनंत चतुर्दशीपर्यंत तसाच पसरलेला होता.

तेव्हा तुमच्या सोसायटीत असा कुणी असेल, तर पोरांना त्याच्याकडे शिकायला जरूर पाठवा. प्रिंटर दुकानात न्या.