अजिंक्य अण्णा

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. कुठे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, कुठे नुसतंच काका. पण वादात त्यांना हरलेलं कोणी पाहिलेलं नसतं. आमच्या अण्णांना तर काकूंनीही पाहिलेलं नाही, आणि त्यांनी उभा संसार प्रयत्न केलाय. अण्णा नेहमी बरोबर असतात असं मुळीच नाही. बरोबर असायची त्यांना गरजच पडत नाही.

सोसायटीची सहल मुरुडला गेली होती. राजपुरीच्या धक्क्यावरून होडी सुटली आणि अण्णांनी जाहीर केलं, "हा जंजिरा महाराजांनी घेतला होता."

तिसऱ्या मजल्यावरची, इतिहास घेऊन बीए करणारी मुलगी म्हणाली, "नाही अण्णा. महाराजांनी खूप प्रयत्न केले, पण सिद्दीने दाद दिली नाही. म्हणून तर त्यांनी पलीकडे कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला."

"घेतला नाही, कारण घ्यायचाच नव्हता. नुसता वचक ठेवायचा होता. तुमच्या पुस्तकात नाही यायचं हे."

"मग संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास समुद्रात दगडांचा भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट करायला का घेतली?"

होडी क्षणभर आशेने डोलली.

"अगं, मग तेच तर सांगतोय मी मघापासून!"

या वाक्यावर अजून तोड निघालेली नाही. गळणाऱ्या टाकीपासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत अण्णा याच्यावरच तरून जातात. समोरचा पुरावा आणतो, अण्णा तो आपलाच म्हणून ठेवून घेतात. पुरावा फारच अडचणीचा निघाला तर "तू अजून लहान आहेस" आहेच; हे त्यांनी साठीच्या सेक्रेटरींनाही ऐकवलंय.

जंजिरा टिकला त्याला कारणं होती. चहूबाजूंनी समुद्र, बुरुजांवर तोफा आणि खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याचे तलाव. वेढा घालणारा तहानेने दमायचा, आतला निवांत पाणी प्यायचा. अण्णांचंही तसंच. आपण थकतो, ते स्वतःवरच इतके खूश असतात की त्यांना बाहेरून रसद लागत नाही. किल्ल्याचा दरवाजा मात्र होडी अगदी जवळ गेली की दिसतो म्हणे. अण्णांच्या इतक्या जवळ जायची कोणाची हिंमत झालेली नाही.

तेव्हा भेटले तर वाद घालू नका, चहा पाजा. जंजिरा संस्थानसुद्धा १९४८ साली भारतात विलीन झालं. अण्णा अजून व्हायचे आहेत.