पुंगळी घरची, आवाज गावाचा

देवळाली म्हटलं की बाहेरच्या माणसाला नाशिकची देवळाली आठवते. तिथं तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, म्हणजे आवाज काढायचा सरकारी परवानाच. शिवाय मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोल्जर तिथल्या छावणीत इतके कंटाळायचे, की डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत ‘डूलॅली’ म्हणायची पद्धत पडली. राहुरी तालुक्यातली आपली देवळाली प्रवरा या दोन्ही मानांना मुकली होती. ती उणीव तरुण मंडळींनी सायलेन्सरवर भरून काढायला घेतली आहे. बुलेटचा सायलेन्सर काढून मोठ्या आवाजाची इंदोरी पुंगळी लावून झाली, आता चारचाकीचा नंबर. आणि वाद एकाच मुद्द्यावर अडतो : पुंगळी विकत आणायची, की वेल्डिंगवाल्याकडे बसून बनवायची? माझं मत बनवण्याच्या बाजूचं आहे, पण कारण बनवणाऱ्यांना आवडणार नाही. बनवायची म्हटली की हातात टेप घ्यावी लागते, आणि टेप हातात आली की निम्मी हौस जागीच उतरते. विकत घेणाऱ्याला फक्त पाकीट काढायचं असतं, त्यामुळे त्याची हौस शाबूत राहते.

पुंगळीनं गाडीची ताकद वाढते, असं ही मंडळी म्हणतात. धुराच्या वाटेचा ताकदीशी संबंध असतो, हे खरंच आहे. गुऱ्हाळाचं चुलाण बघा. काहिलीखालचा जाळ नुसत्या चिपाडावर पेटत नाही, धुराडं ओढ घेतं म्हणून पेटतो. पण धुराडं वाटेल तेवढं रुंद केलं तर धूर आतच रेंगाळून गार होतो आणि ओढ जाते. हे चुलाणापाशी बसणाऱ्याला कॉलेजात न जाता कळतं. मोटारीचंही तसंच. 1,200 सीसीचं फोर स्ट्रोक इंजिन 6,000 आरपीएमला सेकंदाला फार तर 60 लिटर हवा ओढतं. जळून बाहेर पडताना ती तापून अडीच-तीन पट फुगते. तेवढ्यासाठी दोन इंची नळी काढून तीन इंची घातली, तर तोंड सव्वादोनपट होतं आणि धुराचा वेग त्याच पटीनं पडतो. चारी रुंद केली की पाणी मंदावतं, हे पाटाच्या आवर्तनाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याच्या पोराला सांगायची वेळ यावी, याला काय म्हणावं! धुराचा एकेक झोत नळीतून जोरात जाताना पुढच्या झोताला मागं ओढ ठेवून जातो. वेग पडला की ती ओढ जाते, तीही नेमकी खालच्या आरपीएमला. म्हणजे राहुरी फॅक्टरीपाशी उसाच्या दोन ट्रॉल्यांमागून गाडी बाहेर काढायची असते तेव्हाच. आवाज मात्र मनमाडपर्यंत जातो.

घरची पुंगळी स्वस्त पडते, असं बनवणारे सांगतात. साफ खोटं. लोखंडी नळी गरम करून वाकवायची तर आत वाळू ठासून भरावी लागते, नाहीतर वळणावर ती चेपते. ही वाळू खडखडीत कोरडी हवी. ओल राहिली तर वाफ नळीच्या तोंडातलं लाकडी बूच उडवते, आणि समोर कोण उभं आहे ते बघत नाही. प्रवरेकाठच्या गावात आजकाल घमेलंभर वाळू रीतसर मिळवणं हे पुंगळीपेक्षा अवघड काम. म्हणून मग पाण्याच्या लाइनीतली उरलेली जीआय नळी आठवते. तिच्यावर जस्ताचा थर असतो, वेल्डिंगला त्याचा पांढरा धूर निघतो आणि रात्री वेल्डरला हुडहुडी भरून ताप येतो. शेवटी स्टेनलेसची नळी आणि आर्गॉनचं वेल्डिंग यांवर गाडी येते. तोवर दोनदा चुकून कापलेल्या तुकड्यांचा खर्च धरला तर दुकानातली पुंगळी स्वस्त वाटू लागते.

मग दुकानातलीच का नको? ती तपासून बनवलेली असते ना? चांगल्या कंपनीची असते, कबूल. पण ती ठरावीक इंजिनासाठी. आपल्याकडे खोक्यावर ‘परफॉर्मन्स’ छापलं की ती सगळ्यांना बसते, फ्री साइज गाऊनसारखी. ‘कंपनी मुद्दाम गाडीचा घसा आवळते’ हाही एक लाडका आक्षेप. मायलेजच्या एकेका आकड्यासाठी भांडणारी कंपनी नळी बदलून फुकटची ताकद मिळत असती तर पहिल्या पानावर जाहिरात देऊन मोकळी झाली असती. घशात जे आहे ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाडीतून ते उपटणं म्हणजे आजीच्या पाटल्या मोडून कथलाचा करदोटा करणं. रेसिंगवाले बदलतातच की, असंही कुणी म्हणेल. फॉर्म्युला भारत या स्पर्धेसाठी इंजिनिअरिंगची मुलं गाडी हातानं बनवतात, पुंगळीसकट. तिथं पेट्रोल इंजिनाला सगळी हवा 20 मिलिमीटरच्या भोकातून घ्यावी लागते आणि आवाज 110 डेसिबलच्या वर गेला तर गाडी ट्रॅकवर सोडत नाहीत. म्हणून ती मुलं नळीची लांबी मोजत रात्री जागवतात. त्यांच्याकडून आपण नेमकी पुंगळी उचलली, टेप तिथंच ठेवली.

मोठ्या आवाजानं समोरचा सावध होतो, हा युक्तिवाद तर ऐकण्यासारखा आहे. पुंगळीचं तोंड मागं असतं. सावध होतो तो मागून येणारा, ज्याला तुम्ही आधीच दिसत असता. कायदा तर सरळ आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120 वा नियम सायलेन्सर सक्तीचा करतो, ट्रॅक्टरलासुद्धा. 2019 च्या दुरुस्तीनंतर आवाजाच्या गुन्ह्याला दहा हजारांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, आणि तीन महिने लायसन्स बाद. पुण्या-नागपुरात पोलिसांनी जप्त केलेल्या पुंगळ्या रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला. त्याच्याखाली घरची आणि ब्रँडेड सारखीच चपटी होते. एवढा समतावादी परीक्षक या वादाला दुसरा मिळणार नाही.

तरीही माझं मत घरच्या पुंगळीलाच, आणि त्याला आणखी एक कारण आहे. विकत घेणारा जुना सायलेन्सर तिथल्या तिथं दुकानदाराला देऊन टाकतो. बनवणाऱ्याला माप घ्यायला, फ्लँजची भोकं जुळवायला तो समोर लागतो, म्हणून तो भंगारात जात नाही, माळ्यावर जातो. पीयूसीच्या आदल्या संध्याकाळी तो खाली काढला जातो, फडक्यानं पुसला जातो, तीन नट आवळले जातात, आणि इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या वर्गासारखी गाडी हाताची घडी, तोंडावर बोट ठेवून उभी राहते.