घरातलंच आहे!

रिमोटची गाडी घरच्या घरी दुरुस्त करणाऱ्या माणसाला खर्च किती आला, हे कधी विचारू नये. तो 'शून्य' म्हणतो, आणि ते त्याला मनापासून खरं वाटत असतं. बाजारातून आणलेली वस्तू तेवढी त्याच्या हिशेबात खर्चाला लागते. घरातून उचललेली वस्तू फुकट. मग ती कुणाची, कशासाठी आणलेली, ती गेल्यावर घरात काय अडणार, याचा रकानाच त्याच्या वहीत नसतो. "त्यात काय, घरातलंच आहे" एवढ्यावर जमाखर्च मिटतो.

असा एक गृहस्थ पुण्यातल्या जवळजवळ प्रत्येक सोसायटीत असतो. आमच्याकडच्यांना मुलं गाडीकाका म्हणतात. उभी हयात पिंपरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला गेली. निवृत्तीनंतर मशीन सुटली, पण हाताची वळवळ राहिली. दुपारी चारच्या सुमारास त्यांच्या दारात दोन-तीन पोरं बंद पडलेल्या गाड्या छातीशी धरून उभी असतात. गाडी बहुधा वाढदिवसाला आलेली आणि केकच्या आधीच संपलेली. घरच्यांनी "टाकून दे रे, दुसरी आणू" म्हटलेलं असतं. हे वाक्य पोरानं काकांसमोर जसंच्या तसं सांगू नये. काकांना ते लागतं. पुढची दहा मिनिटं गाडी बाजूला राहते आणि पोराच्या आईवडिलांची तपासणी होते.

खरी तपासणी सुरू होते ती कानानं. काका गाडी कानाशी धरून हलवतात. आत काही खुळखुळलं तर चेहरा खुलतो. मग सेलचं झाकण. "हेवी ड्यूटी लिहिलंय बघ यावर! हे भिंतीवरच्या घड्याळात घालायचे. मोटारीला करंट लागतो, नावात दम असून काय उपयोग?" हे मात्र खरं आहे. त्या स्वस्त सेलवर 'हेवी ड्यूटी' लिहायची पद्धत कुणी पाडली कोण जाणे, मोटार फिरवायची वेळ आली की ते सगळ्यात आधी मान टाकतात. अल्कलाइन सेल गळून पत्र्यावर पांढरी पुटं चढली असतील तर काका आतल्या दिशेला तोंड करून म्हणतात, "अगं, अर्धं लिंबू दे." क्षारावर आंबट. कान कोरायच्या काडीनं रस लावायचा, पुटं सुटली की ओल्या काडीनं पुसायचं, कोरडं करायचं आणि खोडरबरानं पत्रा चमकेपर्यंत घासायचा. उरलेलं पाव लिंबू हत्यारांच्या डब्यात जातं आणि तिथे पुढच्या लिंबापर्यंत वाळत राहतं.

काकूंच्या नेलपॉलिशची हकिगत थोडी सविस्तर सांगायला हवी. गाडी धावताना थरथरते आणि थरथरीनं स्क्रू सैल होतात. यावर बाजारात एक खास चिकट द्राव मिळतो. काकांच्या मते तो लुटारूंचा धंदा आहे. धातूत धातूचा स्क्रू जात असेल तर आट्यांवर नेलपॉलिशचा एक थेंब पुरतो. स्क्रू बसून राहतो आणि पेचकसानं जोर लावला की सुटतोही. प्लॅस्टिकमध्ये घुसणाऱ्या स्क्रूला मात्र यातलं काहीच लावायचं नाही. बाजारातल्या त्या द्रावानं तर प्लॅस्टिक तडकतं, हेही ते बजावतात. इथपर्यंत ठीक होतं. पण पुढे काकांना रंगांचा उपयोग सापडला. मोटारीच्या बैठकीला मरून, मागच्या चाकांना लाल, आणि परक्यांच्या गाड्यांना गुलाबी. स्क्रूच्या डोक्यावरून कडेपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवायची. रेघ तुटलेली दिसली की आपल्यामागे कुणीतरी उघडून बघितलं. (कारखान्यात असंच करतात, तिथला रंग वेगळा असतो इतकंच.) एका लग्नाला निघताना काकूंनी मरून बाटली उघडली. ब्रशाला लोखंडाचा बारीक कीस चिकटलेला आणि बाटलीवर चिकटपट्टी: 'मो. बै.' काकू त्या लग्नाला बिनरंगाच्या नखांनी गेल्या, आणि तिथे भेटलेल्या प्रत्येकीला त्यांनी कारण सांगितलं.

शिलाई मशीनचं तेल काकूंनी कधीच सोडून दिलंय. बेअरिंगला पातळ तेलच हवं, एकच थेंब, आणि त्याआधी बेअरिंग पेट्रोलमध्ये बुडवून धुळीसकट जुनं ग्रीस काढायचं, तेही गॅलरीत, घरातला गॅस बंद करून. या बाबतीत काका कर्मठ आहेत. निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा बेअरिंगवर मारणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. त्या फवाऱ्यानं होतं नव्हतं तेही ग्रीस धुऊन निघतं. त्याहून खालच्या पायरीवर आमच्या दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनिअर. त्यांनी मुलाच्या गाडीच्या गिअरपेटीत खोबरेल तेल घातलं. ऑक्टोबरात गाडी झकास पळाली. डिसेंबरात सकाळी पोरगं गाडी घेऊन खाली आलं तर मोटार नुसती कण्हतेय. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. आंघोळीआधी बाटली गरम पाण्यात ठेवणाऱ्या अख्ख्या पुण्याला हे ठाऊक आहे, फक्त त्या इंजिनिअरांना गाडीच्या बाबतीत सुचलं नाही. काकांनी गाडी घटकाभर उन्हात ठेवली, ती चालू लागली, आणि मग त्यांनी इंजिनिअरांना बोलावून घेतलं. काय बोलले ते कळलं नाही, पण इंजिनिअर हल्ली जिन्यानं जात नाहीत, लिफ्टनं जातात.

टूथब्रशबद्दल फार लिहीत नाही. गिअरच्या दातांतली माती काढायला जुना टूथब्रश उत्तम. 'जुना' म्हणजे कुठला, याविषयी त्या घरात एकमत नाही.

खाण्याचा सोडा हे काकांचं रामबाण औषध. बंपरचा कान मोडला, की मोडलेल्या जागी चिमूटभर सोडा, त्यावर फेविक्विकचा थेंब. क्षणात दगड होतो. जरा तापतो, डोळ्यांना झोंबणारी वाफ येते, म्हणून तोंड बाजूला. मग कानशीनं घासून आकार द्यायचा. पाहताना खरंच जादू वाटते आणि पोरं "परत करा ना काका" म्हणतात, त्यामुळे गरज नसताना आणखी दोन कान तयार होतात. एका शनिवारी अशी बरीच जादू झाली. रविवारी पाहुणे यायचे होते. काकूंचा ढोकळा बसला. बंपर मात्र अजून उभा आहे.

गिअर बसवताना काका एकदम गप्प होतात. मोटारीचा छोटा गिअर मोठ्या गिअरवर फार दाबला तर गाडी किंचाळते आणि मोटार तापते. फार लांब ठेवला तर दात झडतात. मधलं अंतर केसाएवढं. त्यासाठी काका दोन्ही गिअरच्या मध्ये कागदाची पट्टी घालतात, मोटार दाबून स्क्रू आवळतात आणि गिअर फिरवून पट्टी बाहेर काढतात. पट्टीवर दातांच्या घड्या स्वच्छ उमटायला हव्यात, कागद फाटता कामा नये. लग्नपत्रिकेचा कागद जाड, वर्तमानपत्राचा लेचापेचा. शाळेच्या वहीचा अगदी बरोबर. नातवाच्या गणिताच्या वहीची पानं कमी होत गेल्याचं कारण बाईंना पालकसभेत समजावून सांगावं लागलं. काकांनी तिथे पट्टी दाखवली म्हणतात.

फरशीवर घसरणाऱ्या चाकांना ते सायकलच्या फाटक्या ट्यूबचे वेढे कापून चढवतात. ट्यूब पंक्चरवाला फुकट देतो. ती आणायला काका चालत जातात, तिथे अर्धा तास बसतात, आणि दोघांचा चहा काका पाजतात. चहा हा खर्च नव्हे. डोक्याची खाच गेलेला स्क्रू काढायचा तर पेचकस आणि स्क्रू यांच्यामध्ये भाजीच्या जुडीचा चपटा रबर धरतात, की पकड येते. पावसाळ्यात रिसीव्हर फुग्यात घालून तोंड बांधतात. हा फार जुना उपाय आहे आणि बऱ्यापैकी चालतो, फक्त एकदा पाणी आत शिरलं की फुगा ते बाहेर जाऊ देत नाही. गेल्या जूनमध्ये पार्किंगच्या डबक्यातून हिरवा फुगा पोटात घेऊन एक गाडी आरपार गेली तेव्हा वॉचमननंही टाळ्या वाजवल्या. काकांच्या घरी फुगे कायम असतात. वाढदिवसाला ते सगळ्यात शेवटी निघतात.

पण माझ्या मते त्यांची सगळ्यात स्वस्त दुरुस्ती वेगळीच. बी विंगमधल्या दोन पोरांनी जत्रेतून सारख्याच गाड्या आणल्या. एकानं रिमोट दाबला की दोन्ही गाड्या पळायच्या. भांडण आयांपर्यंत गेलं. काकांनी गाड्या उलट्या करून स्टिकर वाचले. दोन्हींवर २७ मेगाहर्ट्झ. एकाच लहरीवर बोलणाऱ्या गाड्यांना आपला मालक कोणता हे कळायला मार्ग नसतो. २.४ गिगाहर्ट्झवाल्या आपल्या रिमोटशी जोडी जमवून घेतात, या नाही. उपाय म्हणजे एक गाडी ४९ मेगाहर्ट्झची बदलून आणणं. जत्रा तर उठून गेलेली. काकांनी वहीचं पान फाडलं आणि लिहून दिलं: सकाळी सात ते नऊ, ए. संध्याकाळी पाच ते सात, बी. एरवी सेल काढून आईकडे. ते वेळापत्रक लिफ्टमध्ये महिनाभर चिकटवलेलं होतं.

एका गोष्टीपुढे मात्र काकांचं जुगाड थांबतं, आणि इथे मला ते आवडतात. लिपो बॅटरी हातात आली की आवाज बदलतो. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर नाही, ३ च्या खाली नाही, नुसती ठेवायची तर ३.८ च्या आसपास. चार्जिंग लिपोसाठीच्या चार्जरवर आणि स्वतः समोर बसून. फुगलेली बॅटरी घेऊन एक कॉलेजचा मुलगा आला होता. "काका, टाचणीनं हवा काढली तर?" काकांनी ती त्याच्या हातातून अलगद घेतली, वाळू भरलेल्या मातीच्या कुंडीत ठेवली आणि गॅलरीत नेली. मग परत येऊन त्या मुलाला जे झाडलं, ते चौथ्या मजल्यावर ऐकू गेलं. ती बॅटरी कचऱ्याच्या डब्यात गेली नाही. काका स्वतः ती ई-कचऱ्याच्या केंद्रात देऊन आले. कुंडी अर्थात काकूंच्या गुलाबाची होती.

काकांची स्वतःची एक गाडी आहे, जपानच्या तामियाची 'ग्रासहॉपर'. हे मॉडेल मूळ १९८४ चं, काकांकडची पुढे पुन्हा काढलेल्यांपैकी, भाच्यानं आणलेली. या गाडीवरून काका अर्धा तास इतिहास सांगतात: शिझुओकाची कंपनी, १९७६ सालची पोर्शे ९३४, तामियाची पहिली रिमोटची गाडी. गाडी खोक्यात सुटी येते, आपण जोडायची. जी जोडता येते ती खोलता येते, आणि जी खोलता येते तेवढीच काकांच्या लेखी गाडी, बाकी सगळी खेळणी. तिच्यासाठी त्यांनी एकमेव खरा खर्च केलाय, जपानी खाचेच्या पेचकसाचा. तो साध्यासारखाच दिसतो, पण साधा त्या स्क्रूमध्ये नीट बसत नाही, निसटून डोकं खातो. हा पेचकस कुणाला मिळत नाही. तो देवघरात असतो.

ही गाडी धावताना मात्र मी फार वेळा पाहिलेली नाही. रविवारी सकाळी ती खाली येते, दोन फेऱ्या मारते, काकांना मागच्या चाकातून "काहीतरी येतंय" असं ऐकू येतं, आणि ती वर जाते. आम्हाला काही ऐकू येत नाही. काकूंच्या मते काकांनाही येत नसावं.

मध्यंतरी काकूंच्या मिक्सरचा कपलर गेला. मोटार फिरते, भांडं फिरत नाही. गाडीत हेच झालं असतं तर काकांनी जेवण सोडलं असतं. मिक्सर ओट्यावर तीन आठवडे होता. चटण्या पाट्यावर झाल्या. शेवटी काकूंनी तो उचलून काकांच्या टेबलावर, ग्रासहॉपरच्या शेजारी आणून ठेवला. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. "कपलर आहे. वीस-तीस रुपयांना मिळतो तपकीर गल्लीत. यात दुरुस्त काय करायचं? नवीन आण."

काकू बसनं गेल्या, कपलर आणला, स्वयंपाकघरात बसून स्वतःच बसवला. मिक्सर घरघरला तसा आतल्या खोलीतून आवाज आला,

"अगं, जुना टाकला नाहीस ना? त्या रबराचे छान वॉशर होतील."