प्रोटीनची आगोट

मुलाच्या जिममधला ट्रेनर माणसाकडे माणूस म्हणून बघतच नाही, टक्केवारी म्हणून बघतो. मला पाहताक्षणी त्याने निदान केलं, "अंकल, कार्ब्स बहुत जादा है." नजर माझ्या पोटावर होती, तरी मी हातातली सुकेळ्यांची पुडी पाठीमागे नेली.

सुकेळी ज्यांना माहीत नाहीत त्यांची मला कीव येते. आगाशीच्या बाजूला राजेळी केळी पिकवून, सोलून उन्हात वाळवतात. वरून साखरेचा कणही घालत नाहीत. पाणी उडून जातं आणि केळ्याची साखर मधाचा रंग घेऊन मागे राहते. मुलाच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपला हे ठाऊक नाही. 'सुकेळी' लिहिलं की ते थोडा वेळ गरगरतं आणि बदाम दाखवतं. बदामात निम्मी चरबी, सुकेळ्यात नावालाही नाही. वसईत येऊन वसईची केळी न ओळखणाऱ्याकडून मी आहाराचे धडे का घ्यावेत?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं तसं नाही. 1918 पासून ते लोक हेच काम करताहेत, त्यांचं ऐकायलाच हवं. त्यांच्या हिशोबात प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं. दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी भात-भाकरी-पोळीतून 45 टक्क्यांपेक्षा जास्त येऊ नयेत, असंही ते 2024 च्या आहारसूत्रांत सांगतात. माझं वजन 75 किलो, म्हणजे झाले 62 ग्रॅम. एका अंड्यात सहाएक ग्रॅम, म्हणजे दहा अंडी. हा गुणाकार मी मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघरात जाऊन सांगितला.

"आज संकष्टी आहे," बायको म्हणाली.

संस्थेच्या तक्त्यात दिवस धरलाय, वार धरलेला नाही. आमच्याकडे सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, मंगळवार जीवदानीचा. शनिवारी मारुती कोणाच्या बाजूने आहे यावर घरात अजून एकमत नाही. त्या दिवशी ताटात साबुदाण्याची खिचडी आली. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. प्रोटीनची सगळी भिस्त दाण्याच्या कुटावर, आणि त्या कुटाबरोबर तेल फुकट. उपासाच्या दिवशी माणूस देवाच्या जवळ जातो की नाही माहीत नाही, 45 टक्क्यांपासून मात्र फार लांब जातो.

चरबीची सोय रेल्वेत आहे. एक ग्रॅम प्रोटीनचे चार उष्मांक, एक ग्रॅम पिष्टाचेही चारच, पण चरबीच्या एका ग्रॅमचे नऊ. विरार लोकलच्या ग्रुपला हे गणित आधीच कळलेलं असावं. डब्यात हात वर करायला जागा नसते, तिथे कमी जागेत जास्त शक्ती देणारा पदार्थच परवडतो. त्यामुळे कोणाचा वाढदिवस, कोणाच्या मुलीची दहावी, कोणाचं प्रमोशन, सगळं समोशावर निभतं. नको म्हणायची सोय नाही. नको म्हटलं तर उद्या भाईंदरला खिडकी कोण देणार?

मग राहिला मासळीबाजार. तिथे मी मावशींना विचारलं, "मावशी, बोंबलात प्रोटीन किती?"

"आम्ही वाट्यावर देतो भाऊ, प्रोटीनवर नाय. घेतो का बोल."

त्यांचं बरोबर होतं. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. त्याच्यावर 62 ग्रॅमचा डोलारा उभा करायचा तर टोपली संपवावी लागेल. तोच अर्नाळ्याच्या किंवा पाचूबंदरच्या किनाऱ्यावर दोरीला टांगून कडकडीत वाळवला की त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक प्रोटीन उरतं. ट्रेनर ज्याला सुकी बॉडी म्हणतो ती हीच.

आणि इथेच आमच्या बायका संस्थेच्या एक पाऊल पुढे आहेत. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या निघतात तेव्हा आमचा श्रावण अजून निम्मा शिल्लक. म्हणजे पावसाळाभर आधी समुद्र बंद, मग तोंड बंद. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत आगोट भरायची: बोंबील, जवळा, सोडे, आणि श्रावणाच्या सोयीसाठी वाल. वालाचं बिरडं आणि भात एकत्र आले की तांदळात जे लायसिन कमी पडतं ते वाल भरून काढतो, वालात जे मेथिओनिन कमी ते तांदूळ देतो. वाल भिजवून, मोड आणून एकेक सोलताना खर्च होणारे उष्मांक कुठल्याच तक्त्यात नाहीत. आमच्या घरात संतुलन आहे, फक्त ते रोजच्या ताटात शोधायचं नाही. वर्षाचा हिशोब मार्चनंतर होतो, ऑडिटरने मधेच मंगळवारी येऊन काय उपयोग?

यंदा आगोटीला बरण्या कमी पडल्या. हवाबंद झाकणाचा, मोठ्या तोंडाचा असा एकच डबा घरात रिकामा होता: मुलाच्या प्रोटीन पावडरीचा. बाहेर 'चॉकलेट', आत भाजलेला जवळा. आत मोजायचा चमचाही होता, तो बायकोने ठेवून दिला. कालवणाला एक चमचा बरोबर पुरतो म्हणाली. ओळख पटवायला मुलाने त्यातला थोडा जवळा पुडीत बांधून जिमला नेला. ट्रेनर मूळचा रोहतककडचा. त्याने पुडी उघडली, नाक आत घातलं, बराच वेळ बाहेर काढलं नाही आणि विचारलं, "भाई, ये कौन सा फ्लेवर है?"