फिशपाँडला परवानगी लागत नाही

समलिंगी आणि ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांसाठी कॉलेजात काही कार्यक्रम करू या, असं कुणी म्हटलं की प्राचार्यांपासून पालक-संघापर्यंत सगळे दचकतात. हा विषय आपल्याकडे आणायचाच कशाला? दचकायला हरकत नाही, पण हा विषय आपल्याकडे कित्येक वर्षं गॅदरिंगच्या मांडवात, बजेटसकट, मानाने नांदतो आहे. त्याला फिशपाँड म्हणतात. डब्यात चिठ्ठ्या जमतात, सूत्रसंचालक एक उलगडतो, बारीक आवाजाच्या किंवा लचकत चालणाऱ्या मुलाचं नाव घेतो आणि त्याला एखाद्या गाण्याची ओळ चिकटवतो. शिट्ट्यांनी हॉल दणाणतो. पहिल्या रांगेतले सर रुमालाआड हसतात. तो मुलगाही हसतो, कारण न हसण्याची सोय नसते. त्याच संध्याकाळी दुसरा एखादा नऊवारी नेसून लावणी करतो आणि वन्स मोअर घेतो. साडी चालते, फक्त सकाळी ती ड्रेपरीवाल्याकडे परत गेली पाहिजे. म्हणजे विषय आलेलाच आहे, मागणी आहे ती माइक या मुलांच्या हाती देण्याची.

माइक दिल्याने काय होतं, हेही दिसलेलं आहे. आयआयटी मुंबईत २०११ पासून 'साथी' हा अशा विद्यार्थ्यांचा गट आहे. त्यानंतर ना पवई तलाव आटला, ना जेईईची मेरिट लिस्ट ओस पडली. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने, म्हणजे 'टिस'ने, २०१७ मध्ये स्त्री-पुरुष भेद न करणारं वसतिगृह सुरू केलं. देवनार जागच्या जागी आहे.

तरी सांगतात, कॉलेज शिकायला असतं, खासगी बाबी घरी ठेवा. उत्तम. मग सुरुवात प्रवेशअर्जापासून करावी, कारण नावाखाली लगेच 'लिंग' विचारणारा रकाना विद्यार्थ्यांनी छापलेला नाही. रोझ डेही मग बंद करावा लागेल. त्यातले गुलाब वनस्पतिशास्त्र विभागासाठी नसतात. आणि शिकण्याचंच म्हणाल, तर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने समलैंगिकतेवर 'इलाज' करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं. त्याच आयोगाने ऑगस्ट २०२४ च्या अभ्यासक्रमात स्त्रियांमधले समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत घातले आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच ती मार्गदर्शक तत्त्वं मागे घेतली. आयोगाचाच गृहपाठ कच्चा, तिथे मुलांना 'अभ्यास करा' असं दरडावायचं कुणी?

यापेक्षा वजनदार आक्षेप कायद्याचा. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला समलिंगी संबंधांच्या वाटेतला कलम ३७७ चा काटा काढला. यूजीसीने २०१६ मध्येच लैंगिक कलावरून होणारा छळ रॅगिंगच्या व्याख्येत घातला. फाटकावर रॅगिंगविरोधी बोर्डही आहे. आता वेगळा गट कशाला? बोर्ड आहे खरा. पण त्याखाली तक्रार करायची तर जे आईलाही सांगितलेलं नाही, ते समितीपुढे सहीनिशी लिहून द्यायचं. अर्जाआधी ज्याच्याशी चहावर चार शब्द बोलता येतील असं माणूस लागतं, आणि ते राजपत्रात प्रसिद्ध होत नाही. नुसता कायदा पुरत नाही, हेही दिसलेलं आहे. डॉ. रामचंद्र सिरस अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवत. फेब्रुवारी २०१० मध्ये लोक त्यांच्या घरात घुसले, त्यांच्या समलिंगी संबंधांचं चित्रण केलं, आणि विद्यापीठाने निलंबित केलं ते सिरसांना. दिल्ली उच्च न्यायालयाने असे संबंध गुन्हा नाहीत म्हटल्याला तेव्हा सात महिने झाले होते. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबन थांबवलं. ७ एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले. न्यायालय नोकरी परत देऊ शकतं. शेजार देणं त्याच्या अखत्यारीत नाही.

राहता राहिला 'हे परदेशी खूळ' हा आक्षेप. फिशपाँड हा शब्द कुठल्या उपनिषदात येतो, तेवढं संस्कृत विभागाला विचारून ठेवावं.

तोवर गटाच्या मुलांना एक व्यावहारिक सल्ला. हॉलसाठीच्या अर्जात 'कार्यक्रमाचे स्वरूप' या रकान्यात चर्चा, आधारगट, संवाद असलं संशयास्पद काही लिहू नका. 'फिशपाँड' लिहा. माइक, सतरंज्या, वर बटाटेवड्यांची मंजुरी, सगळं त्याच दिवशी मिळेल.