प्लॉटवाले काका

पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये एक तरी प्लॉटवाले काका असतात. नोकरी संपली, मुळशीकडे दहा गुंठे घेतले आणि आंबा लावायचं ठरलं. आंब्याला मीटरभर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल खड्डा लागतो, तो एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यायचा असतो, हे काकांना तोंडपाठ. अडचण एकच. नेमक्या त्या जागी बांधावरच्या जांभळाची मुळं पसरलेली. दुसऱ्या कोणी खड्डा पलीकडे सरकवला असता. काकांनी हत्यारं आणली.

गाडीची डिकी उघडली की आतून छाटणीची कात्री, लांब दांड्यांची कात्री, घडीची करवत, कुऱ्हाड, टिकाव आणि पहार निघते. प्रत्येकाला वेगळं म्यान किंवा पिशवी, आणि बिलं फायलीत.

काकांचं शास्त्र पक्कं असतं. करंगळीएवढी मुळी फावड्याच्या धारेनेच तुटते, अंगठ्याएवढीला कात्री, मनगटाएवढीला करवत. घडीची करवत ढकलताना नव्हे, ओढताना कापते. म्हणून तिचं पातं पातळ असलं तरी चालतं. हे सांगताना ते हवेत करवत ओढून दाखवतात. मग विषय अमेरिकेत जातो. १९१० साली आयडाहोच्या जंगलात प्रचंड वणवा पेटला, तेव्हा एड पुलास्की या वनरक्षकाने आपली बहुतेक माणसं खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवली. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळ असलेलं हत्यार आज त्याच्याच नावाने ओळखलं जातं. ते आपल्याकडे सहज मिळत नाही, याची काकांना मनापासून खंत आहे.

एवढं होईस्तोवर ऊन डोक्यावर येतं.

मग काका कुऱ्हाड उचलतात. पहिलाच घाव मुळीला चाटून जमिनीत जातो, ठिणगी उडते आणि नव्या धारेला दाणाभर खांडा पडतो. मुरमात दगड असतो हे काकांना माहीत होतं. कुऱ्हाडीला माहीत नव्हतं.

खणायला बोलावलेले गावातले तात्या तोवर सावलीत बसून तंबाखू मळत असतात. त्यांच्याकडे हत्यारं दोनच: पहार आणि मातीकामासाठी वेगळा ठेवलेला, धार गेलेला कोयता. पहारीचा दांडा-पाचरीशी संबंध नाही, त्यामुळे तक्रारही नाही.

"साहेब, आधी मुळी उघडी करा. न दिसणाऱ्या मुळीवर घाव घालून काय उपेग?"

तात्या पहारीने मुरूम सैल करतात, घमेल्याने उपसतात, मुळीच्या खालूनही माती काढतात. मग मूठभर गवताने ती पुसून घेतात, कारण मातीत करवतीचे दात बघता बघता बोथट होतात. बारीक मुळ्या कोयत्याने उडतात. जाड मुळीसाठी ते शांतपणे काकांची करवत मागतात आणि खड्ड्याच्या दोन्ही कडांना एकेक काप घेतात. मुळी दाबाखाली असेल तर कापाची फट मिटते आणि पातं अडकतं. म्हणून काकांना कापल्या जाणाऱ्या टोकाला आधार देऊन उभं केलं जातं. काका आधार देताना मार्गदर्शनही करतात.

मात्र एका बाबतीत काका हटत नाहीत. दुसरा खड्डा जांभळाच्या बुंध्याजवळ घ्यायचं निघालं, तेव्हा त्यांनी तात्यांनाच थांबवलं. झाडाला धरून ठेवणारी जाड मुळं बुंध्यालगत असतात, ती तोडली तर पहिल्या वादळात झाड आडवं होतं. तात्यांनी मान डोलावली आणि दोघांनी तो खड्डा पलीकडे सरकवला. पहिलाही तसाच सरकवता आला असता, हे कोणी काढलं नाही.

मे महिन्यात काका तुम्हाला "प्लॉट बघायला या" म्हणतील. जरूर जा, पण जुने कपडे घालून. कात्री, करवत, पहार सगळं ते आनंदाने देतील. खड्डा तुम्हाला खणावा लागेल.