बलकत्यागाचा शास्त्रोक्त विधी

अंड्याचा बलक एकांतात टाकू नये. त्याने आरोग्य सुधारले तरी ते कोणाला कळत नाही. अंडे उकडून मधोमध कापावे, पिवळा गोळा चमच्याने बशीच्या कडेला सारावा आणि पलीकडच्या टेबलावर ऐकू जाईल अशा बेताने ‘मी फक्त पांढरे घेतो’ असे म्हणावे. त्यानंतर त्यागाचा हिशोब मात्र करू नये, कारण तो अडचणीचा निघतो. मोठ्या अंड्यात प्रथिने साधारण सहा ग्रॅम असतात आणि त्यातली अडीच ग्रॅमहून अधिक बलकात असतात. अ आणि ड जीवनसत्त्वे, कोलीन आणि डोळ्यांना उपयोगी ल्युटीन तर जवळजवळ सगळी तिथेच. साधकाने हे सर्व कचऱ्यात घालावे, मग औषधाच्या दुकानातून गोळ्यांच्या रूपाने घरी आणावे आणि बिल जपून ठेवावे.

विधीला शास्त्राधार हवा असल्यास सशांपासून सुरुवात करावी. १९१३ साली रशियात निकोलाय अनिच्कोव यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत चरबी साठली. ससा गवत खाणारा प्राणी आहे, ही बाब साधकाने मध्ये आणू नये. माणसाचे यकृत बहुतेक कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करते, खाण्यातून जास्त आले तर बऱ्याच जणांत आपले उत्पादन कमी करते, आणि रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवण्यात संपृक्त चरबीचा वाटा मोठा असतो, हेही बोलू नये. १९६८ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने आठवड्याला तीनच बलक खा, असे सांगितले, ते अवश्य सांगावे. पुढे अमेरिकेच्या २०१५च्या आहारसूत्रांतून रोज ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा वगळली गेली, ते विसरावे. एका बलकात सुमारे १८५ मिलिग्रॅम असते, त्यामुळे तो जुना आकडा सोयीचा होता.

कोणी म्हणेल, २०१९च्या मोठ्या अमेरिकी विश्लेषणात जास्त अंडी खाणाऱ्यांत हृदयरोग अधिक दिसला, त्याचे काय? आक्षेप रास्त आहे, थट्टेने उडवता येणार नाही. पण असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत; आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात रोज एका अंड्यापर्यंत तसा धोका आढळला नाही. अंडे ताटात एकटे येत नाही, हीच खरी मेख. अमेरिकेत त्याच्या सोबत बेकन येते, आपल्याकडे बुर्जीच्या तव्यावर लोण्याची वडी पडते आणि त्याच लोण्यात पाव भाजतात. एका बलकात संपृक्त चरबी दीड ग्रॅमच्या आसपास, तर एका मोठ्या चमचाभर लोण्यात सात ग्रॅम. तरी शिक्षा बलकाला! पांढऱ्याचे ऑम्लेट लोण्यात परतून खाणाऱ्याचे व्रत विधीच्या दृष्टीने पूर्ण झाले, एवढेच.

व्यायामशाळेतल्यांची बाजू वेगळी. उष्मांक न वाढवता प्रथिने हवीत, तर एका अंड्याच्या पांढऱ्यात सतरा-अठरा कॅलरींत साडेतीन ग्रॅम मिळतात. त्यांनी एक अख्खे आणि वर दोन पांढरे खावे. फक्त कच्चे पिऊ नये, त्यातले ॲव्हिडिन बायोटिनला जखडून ठेवते. मधुमेह असलेल्यांनी किंवा वाईट कोलेस्टेरॉल आनुवंशिकतेने वाढलेल्यांनी बलकाचा आकडा डॉक्टरांना विचारावा. बाकी निरोगी माणसाने रोज एक अंडे अख्खे खावे आणि हात आखडता घ्यायचाच असेल तर लोण्यावर घ्यावा.